कॉफीची किटली

मिरगीच्या गोळ्यांनी माझे झटके थांबले, पण थायरॉइडची ग्रंथी मंदावली. अंग सुजलं, सॉनाच्या कढत वाफेतही मी कुडकुडायची. नवऱ्याला, ताउनोला, तो आळस वाटे. "ऊठ गं म्हशी!" म्हणत तो लाथ घाली.

डॉक्टरांनी थायरॉइडची गोळी दिली. आमच्या फिनलंडात सकाळी पाणी कोण पितं? मी ती कॉफीबरोबरच गिळायची. फरक पडेना, लाथा वाढल्या. शेवटी नर्स ओरडली, "अगं बाई, कॉफीनं गोळी वाया जाते! पाण्याबरोबर घे, कॉफी तासाभरानं!"

दोन महिन्यांत अंग हलकं झालं. आज ताउनो खेकसला, "कॉफी कुठाय, म्हशी?" आणि त्यानं लाथ उगारली. मी उकळती किटली त्याच्या थोबाडावर हाणली.

"वेड लागलं का तुला?" तो जमिनीवर लोळत किंचाळला.

"नाही रे," मी म्हणाले, "गोळी लागू पडली."