हसऱ्या उमेदवाराच्या खिशातली चिठ्ठी

मित्रांनो, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मला इथे उंबऱ्याशी टेकवून ठेवले आहे. त्यावरून मला दगड समजू नका. मी एक जुनी कोळशाची इस्त्री आहे. पोटात निखारे घेऊन मी बेचाळीस वर्षे काम केले आणि एकाही कपड्याला डाग लागू दिला नाही. दोन कपडे जळाले, पण त्यात चूक माझी नव्हती.

एका ओताऱ्याने मला साच्यात ओतले. मग त्याने माझा तळ घासला, इतका घासला की त्यात त्याला स्वतःच्या मिशा दिसू लागल्या. मूठ सुताराने बसवली. माझे वजन बघून गिऱ्हाइके मला परत खाली ठेवत. एके दिवशी आत्या आली. तिने मला एका हाताने उचलले, तळावरून बोट फिरवले आणि ओताऱ्याला सांगितले की हीच द्या, ही माझ्यासारखी आहे, कुणी सहज हलवणार नाही.

आत्या म्हणजे माझी मालकीण. तिचे सख्खे भाचे दोनच, पण सगळी गल्ली तिला आत्या म्हणते. नवरा गेला तेव्हा तिने कुणापुढे हात पसरला नाही. गल्लीच्या तोंडाशी, गटारावरच्या फरश्यांवर पत्र्याचे दुकान उभे केले. आत एक लांब टेबल, त्यावर जाड घोंगडे, भिंतीला खुंट्या, आणि मी. पुढे सून घरात आली तीही ह्याच टेबलाशी उभी राहिली.

मला अक्षर येत नाही. पण कपडा मला वाचता येतो. कॉलर कुठे घासली आहे, कोपर कुठे विरले आहे, बटण कुणी लावले आहे, सगळे कळते. जग माणसाची पुढची बाजू बघते. मी आधी कपडा उलटा करून घेते. आणि एक कबूल करते, मित्रांनो, लपवून काय करू? माणसांना चारचौघांत आवडण्याजोगे करून देणे हाच माझा धंदा. रात्रभर चुरगळून झोपलेला माणूस माझ्या हातून गेला की भला दिसतो. म्हणून भला दिसणाऱ्या माणसाचा मला सगळ्यात आधी संशय येतो. त्याला तसे कुणी केले आहे, हे मला ठाऊक असते.

आमच्या दुकानाची एक रीत होती. कपडा माझ्याखाली येण्याआधी खिसे उलटे करायचे. जे निघेल ते, तिकीट असो की पत्र, सरळ करायचे, माझ्या कोमट तळाखाली एकदा दाबायचे आणि त्याच कपड्याला टाचणीने लावून परत द्यायचे. वाचायचे नाही. आत्याला आकड्यांपलीकडे वाचता येत नव्हते, त्यामुळे तिला ही रीत पाळणे मुळीच जड गेले नाही. कुणाचा कपडा कोणता, हे कॉलरच्या आत घातलेल्या रंगीत दोऱ्याच्या टाक्यावरून ओळखायचे.

तर त्या वर्षी वॉर्डाची निवडणूक आली. उभे राहिले दोघे, आणि दोघांचेही सदरे आमच्याकडेच येत.

एकाला गल्ली ‘हसरे’ म्हणायची. हा माणूस दुकानात शिरला की कोळसा नसतानाही ऊब यायची. आत्याचा हात दोन्ही हातांत घ्यायचा, डावा गुडघा कसा आहे विचारायचा, नातीचे गणित सुधारले का विचारायचा. गुडघ्याची चौकशी घरच्यांनीही कधी केली नव्हती. आत्या पदराने खुर्ची पुसून द्यायची. बेचाळीस वर्षांत तिने दुसऱ्या कुणासाठी खुर्ची पुसलेली मी पाहिली नाही.

दुसरे आठ्यावाले. पाणीखात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या सदऱ्याच्या सुरकुत्या मी काढायचे, पण कपाळावरच्या आठ्या माझ्याने निघण्यातल्या नव्हत्या. आले की गाठोडे ठेवायचे, “परवा” म्हणायचे आणि जायचे. अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून मी तो एकच शब्द ऐकला.

जोराचा पाऊस झाला की आमच्याखालचे गटार तुंबायचे आणि गल्लीच्या उताराकडच्या घरांत घोटाभर घाण पाणी शिरायचे. गटार रुंद करायचे घाटत होते. त्यासाठी वरच्या फरश्या निघणार, आणि फरश्यांवर तर आमचे दुकान. म्हणून आत्याला ह्या निवडणुकीत एकच गोष्ट हवी होती. आपले दुकान राहणार की जाणार?

आत्या निश्चिंत होती. हसऱ्यांनी शब्द दिला आहे, दुकानाला कुणी हात लावणार नाही, असे ती गल्लीभर सांगत फिरली. तिच्या सांगण्यावरून निदान तीस घरे हसऱ्यांकडे वळली असतील.

मतदानाला आठ दिवस होते. हसऱ्यांच्या सदऱ्यातून एक घडी केलेली चिठ्ठी निघाली. आत्याने ती माझ्याखाली सरळ केली. हसऱ्यांचा टाका निळा, आठ्यावाल्यांचा हिरवा. आत्याचा चष्मा खुंटीवर लटकत होता, कारण तो लावला की आपण म्हाताऱ्या दिसतो असे तिला वाटायचे. तिने हिरव्याला निळे समजून चिठ्ठी टोचली ती आठ्यावाल्यांच्या सदऱ्याला. मी बघत होते. पण इस्त्रीला कोण विचारतो?

दुसऱ्या दिवशी दुपारी आठ्यावाले आले. हातात चिठ्ठी. म्हणाले, ही माझी नाही, माझी समजून वाचली, चूक झाली. आत्याने ती सुनेकडे दिली, बघ गं कुणाची आहे. सून मोठ्याने वाचू लागली आणि तिचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. गल्लीतल्या घराघरांची ती यादी होती. कोणाचा मुलगा परगावी, कोणाची बायको आजारी, कोणाला काका म्हणायचे, कोणाला दादा. चौथ्या ओळीत आम्ही होतो.

“इस्त्रीवाली आत्या. डावा गुडघा. नात, गणित. खुर्ची दिली तर बसावे. दुकानाचा विषय काढू नये.”

आत्याने मला तिवईवर ठेवले. मग ती आठवत बसली. हसरे कोणत्या दिवशी काय बोलले, कुठे उभे राहून बोलले, एकेक करून. मीही आठवले, मी तर सगळ्या वेळी तिथेच होते. आणि मित्रांनो, दुकानाचा शब्द त्या माणसाने एकदाही उच्चारला नव्हता. वचन त्याने दिलेच नव्हते. तो इतका आवडला होता की वचन आत्याने स्वतःच ऐकून घेतले होते.

“गुडघ्याचं मला ठाऊक नव्हतं,” आठ्यावाले म्हणाले. “अकरा वर्षं कपडे देतोय.”

“विचारलंत कधी?”

“नाही.”

“आणि दुकानाचं?”

“हलवावं लागेल. गटार तिथूनच जातं. चार पावलं मागे, भिंतीलगत जागा आहे. मी मोजलीय.”

आत्याचा पारा माझ्यापेक्षा वर गेला. “तुम्ही मत मागायला आलात की माझं दुकान मागायला?”

“चिठ्ठी द्यायला आलो,” ते म्हणाले, आणि गेले. परवा म्हणायलाही विसरले.

मग सासू-सुनेची जुंपली. सुनेचे म्हणणे, हसऱ्यांनी निदान लिहून तरी ठेवले. ह्या बाबाने अकरा वर्षांत तेवढेही कष्ट घेतले नाहीत. ज्याला माणूस दिसत नाही, तो माणसांचे काम काय करणार? तिचे काही अगदीच चूक नव्हते. मला वेगळाच संशय येत होता. आठ्यावाले चिठ्ठी परत करायला आले होते, की दाखवायला? टाचणी काढून चिठ्ठी फाडून टाकता आली असती. पण हेही खरे, की मत हवे असते तर त्यांनी दुकान हलणार हे बोलायला नको होते.

आत्याने दोघांनाही पारखायचे ठरवले. हसरे आले, हात हातांत घेतला, गुडघा विचारला. आत्या म्हणाली, गुडघा राहू द्या, दुकानाचं काय ते सांगा. हसरे म्हणाले, “आत्या, तुमचं दुकान म्हणजे माझं घर.” आत्या म्हणाली, “मग घर राहणार की जाणार?” त्यावर ते असे काही मनमोकळे हसले की सोबतचे हसले, सून हसली, आणि सांगायला लाज वाटते, आत्याही हसली. हसणे ओसरले तोवर ते पुढच्या दारात पोहोचले होते. उत्तर आमच्याकडे आलेच नाही. आत्या बराच वेळ स्वतःवरच चरफडत होती, की मेला अजून आवडतोच आहे.

आठ्यावाले कपडे न्यायला आले तेव्हा तिने त्यांना अडवले. म्हणाली, भिंतीलगत जायचं म्हणता, मग माझ्या कोळशाचा धूर कुठे जाणार, तुमच्या डोक्यातून? आठ्यावाल्यांनी तिच्याकडे बघितले. हे त्यांच्या ध्यानात आलेच नव्हते. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि लिहून घेतले, खिडकी. मला बरे वाटले नाही. लिहून तर हसऱ्यांनीही घेतले होते.

मतदानाच्या दिवशी आत्या कडक इस्त्रीचे कपडे घालून गेली. जाताना खुंटीवरचा चष्मा काढून लावला. बोटाला शाई लावून परत आली आणि मत कुणाला दिले ते तिने आजवर सांगितलेले नाही. पण आदल्या दोन दिवसांत ती दुखऱ्या गुडघ्याने पुन्हा घरोघर फिरली होती. मी चुकीचे सांगितले होते, शब्द दिलेला नाही, असे तिने प्रत्येक दारात उभे राहून सांगितले. आत्याने चूक कबूल केलेली मी तेवढीच पाहिली.

आठ्यावाले एकवीस मतांनी निवडून आले.

दुकान हलले. मोजून चार पावले. गटार झाले, त्यानंतर उताराकडच्या घरांत पाणी शिरले नाही. खिडकीही झाली, पण नेमकी वाऱ्याच्या तोंडाला. धूर बाहेर जाण्याऐवजी आतच येऊ लागला. सून खोकू लागली, नात डोळे चोळू लागली. शेवटी विजेची इस्त्री आली. चपटी, हलकी, लाल दिवा लावून बसणारी. आणि मी इथे दाराशी आले.

म्हणजे बघा, ज्या माणसाने खरे सांगितले त्याच्याचमुळे माझे काम गेले. मला तो माणूस तेव्हा आवडत नव्हता, आताही आवडत नाही. येता-जाता दोनदा ठेचकाळला, तरी माझ्याकडे बघितले नाही. पण पाऊस पडला की मी इथून बघते. उताराकडच्या बायका आता दाराबाहेर सामान काढत नाहीत. तेवढे मला नाकारता येत नाही.

परवा आठ्यावाले आले. गाठोडे ठेवले आणि जागचे हलले नाहीत. मग म्हणाले, “गुडघा कसा आहे?”

आत्याने चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितले.

“कुणी लिहून दिलं?”

“कुणी नाही. लंगडताना दिसलात.”

वॉर्डाची पुढची निवडणूक येत्या महिन्यात आहे, मित्रांनो. मी सांगत नाही की ते खोटे बोलले, आणि खरे बोलले असेही सांगत नाही. आत्याने ह्या वेळी खुर्ची पुसली नाही. नुसती पायाने पुढे सरकवली.

“बसा,” ती म्हणाली. “गुडघ्याचं मग सांगते. आधी खिडकीचं बोला.”

माझे मागणे फार नाही. तुम्हाला कुणी आवडले तर जरूर आवडू द्या, त्याला इलाज नाही. पण त्याने दिलेला शब्द तुम्ही कानांनी ऐकला होता का, एवढे एकदा आठवून बघा. आणि जाता-येता वाटले तर माझ्या तळावरून फडके फिरवा. गंज चढू लागला आहे. खिडकीची दिशा बदलली, तर माझे काम अजून संपलेले नाही.