माझं नाव 'साफ' होतं

मी एक फंक्शन बोलतोय. फंक्शन म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्राममधला, एकच काम करणारा छोटा तुकडा. कुणी नावानं हाक मारली की मी उठतो, नेमलेलं काम करतो आणि गप्प बसतो. "खरंच करू का?" असं विचारायची मला सोय नाही.

माझा जन्म उज्जैनला झाला, फ्रीगंजात टावर चौकाजवळच्या एका लहानशा ऑफिसात. मला लिहिलं निहारिकानं. अहल्याताई नावाच्या एका निवृत्त चित्रकला शिक्षिकेसाठी ती वेबसाइट बनवत होती. उज्जैनला लागूनच असलेल्या भैरवगढच्या कापडछपाईचे जुने नमुने नाहीसे होताहेत, या काळजीनं ताईंनी घरोघरी जाऊन चादरींचे, साड्यांचे, लाकडी ठशांचे फोटो काढले होते. वेबसाइट तपासायला टाकलेले बिनकामाचे फोटो कायमचे पुसायचे, एवढ्यासाठी मी. निहारिकाला घरी जायची घाई होती. तिनं पटकन टाइप केलं, 'साफ'. मला आपलं नाव फार आवडलं होतं.

पुढे ताईंचा, हे फोटो साठवलेला जुना कॉम्प्युटर बंद पडला. "काळजी नका करू मॅडम, तुमचे फोटो आमच्याकडे आहेत ना," निहारिका म्हणाली. दुसरी प्रत करून ठेवायची मात्र राहूनच गेली.

मग आमच्या ऑफिसात सौमित्र नावाचा मुलगा नोकरीला लागला. फोटोंवर धुळीचे डाग दिसतात, तेवढे काढा, असा ताईंचा निरोप आला होता. सौमित्र प्रोग्राम चाळत होता, तेवढ्यात त्याला मी दिसलो.

"अरे वा, निहारिकादीदीनं आधीच लिहून ठेवलंय की!" तो खूश झाला. त्यानं सगळे फोटो माझ्या हवाली केले आणि मला हाक मारली.

तो डाग साफ कर म्हणत होता. मला साफचा एकच अर्थ शिकवलेला. वेली, कोयऱ्या, हत्तींच्या रांगा समोर येत गेल्या आणि मी पुसत गेलो. क्षणभरही थांबलो नाही.

ऑफिसचे मालक जयंतसर संतापले. "आत काय लिहिलंय ते उघडून वाचायचं तरी! उद्यापासून येऊ नकोस."

"गलती माझीच आहे, सर," सौमित्र खाली मान घालून म्हणाला.

निहारिका शेजारच्याच खुर्चीत होती. ती पडद्यावर माझ्या नावाकडे बघत राहिली. सौमित्र बॅग उचलून गेला, तरी ती बसूनच होती.

दुसऱ्या दिवशी ती आल्या आल्या सरांपुढे उभी राहिली. "सर, ते नाव वाचून कुणीही हेच समजलं असतं. नाव मी ठेवलं होतं. दुसरी प्रतही मीच केली नाही."

"मग काल का नाही बोललीस?"

सरांनी सौमित्रला परत बोलावलं. तो आला, पण दीदीशी पहिल्यासारखं हसून बोलायला त्याला बरेच दिवस लागले.

अहल्याताईंपुढे जाणं सगळ्यांत अवघड होतं. त्या रागावल्या नाहीत. "चला बेटा, पुन्हा दारं वाजवू," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून दर रविवारी ताई, निहारिका आणि सौमित्र भैरवगढला जातात. पुष्कळ नमुने पुन्हा मिळाले. मागे वळून पाहणारा एक मोर मात्र मिळाला नाही. त्याचा ठसा वाळवीनं खाल्ला, छापणारे आजोबाही गेले. तो फक्त त्या एका फोटोत उरला होता.

आता माझं नाव 'फोटो कायमचे पुसा' आहे. लांबलचक, ओबडधोबड. पण ते वाचताना माणसाचं बोट जरा थबकतं. नाव ठेवणाऱ्यांनो, आमच्या बाबतीत एवढं तरी करा. आम्हाला थांबता येत नाही हो, तुम्हाला येतं.

परवा अहल्याताई ऑफिसात बसून तो मोर आठवून काढत होत्या. पिसारा झाला, पाय झाले. मग पेन्सिल थांबली.

"निहारिका, मान डावीकडे होती की उजवीकडे गं?"

निहारिकानं माझ्याकडे पाहिलं. मी तो पाहिला होता. पण पुसलेलं मला आठवत नाही.