अर्वोची सिगारेट

अर्वोची सिगारेट मी सोडवली. कुणी विचारो न विचारो, रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी पिताना मी सगळ्यांना तेच सांगत होते. माझी मैत्रीण हेल्वी म्हणाली, "राईली, नवऱ्याची दारू काही तुला सोडवता आली नाही, पोराची सिगारेट मात्र सोडवलीस हो." मी हसले. दिवसाला दीड पाकीट ओढणारा माझा मुलगा एकोणीस दिवस सिगारेटला शिवला नव्हता. हसू नको तर काय करू?

अर्वोला स्किझोफ्रेनिया आहे. एकोणिसाव्या वर्षी त्याला आवाज ऐकू यायला लागले. स्वयंपाकघरातल्या याच टेबलापाशी बसून तो म्हणाला होता, "आई, कॉफीत विष आहे." मी चिडून तोच कप त्याच्यासमोर पिऊन दाखवला. पुढचे आठ दिवस त्याने घरातलं पाणीसुद्धा घेतलं नाही. शेवटी पोलिसांनी त्याला उचलून नेलं, आणि कॅनडातल्या थंडर बे गावातली आमची अख्खी गल्ली खिडक्यांतून बघत होती. त्यानंतर दोन औषधं वाया गेली. तिसरं क्लोझापीन, रक्त तपासल्याशिवाय न मिळणारं. ते लागू पडलं. आवाज गेले नाहीत, पण शेजारच्या घरात रेडिओ चालू असावा इतपत राहिले. लाकडाच्या वखारीत त्याला अर्ध्या दिवसाचं कामही मिळालं. आता तो बत्तीस वर्षांचा आहे.

विसाव्या दिवशी तो उठेचना. उशी लाळेने चिंब झालेली. मी त्याला हलवून उठवलं, चांगली कडक कॉफी दिली. सिगारेट सुटल्यापासून त्याची कॉफी दुप्पट झाली होती. मी म्हटलं, पिऊ दे, धुरापेक्षा बरी. शनिवारी तो सौनात, आमच्या वाफेच्या न्हाणीत, यायला नको म्हणाला, पायात जीव नाही म्हणे. जेवताना त्याच्या हाताला झटका बसला आणि काटा जमिनीवर पडला. मग तो माझ्याकडे बघून जड जिभेने म्हणाला, "आई, गोळ्यांचं विष होतंय मला."

तेच टेबल, तोच शब्द. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. मी तर तेरा वर्षं फुंकतच होते. मला वाटलं, झालं, हा गोळ्या थुंकतोय आणि आजार उलटलाय. आता पुन्हा पोलीस, पुन्हा त्या खिडक्या.

"तोंड उघड," मी म्हटलं.

"घेतली गं."

"जीभ वर कर."

त्याने केली. खाली काही नव्हतं. तरी माझा विश्वास बसेना. रविवारी दोन्ही वेळा मी हातात टॉर्च घेऊन त्याच्यापुढे उभी राहिले. तो गोळ्या गिळत होता आणि मला तो खोटारडा वाटत होता. पोटच्या पोराबद्दल हे सांगताना लाज वाटते, पण तेव्हा भीतीपुढे मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

सोमवारी सकाळी त्याने ओठ घट्ट मिटले. मी रागावले, विनवण्या केल्या, वेलचीच्या पावात गोळी दडवायचाही विचार केला. तो भिंतीला धरून उभा होता आणि नुसती मान हलवत होता. शेवटी तक्रार करायला मी दवाखान्यातल्या नर्सला, कॉलीनला, फोन लावला. गोळी माझ्या दुसऱ्या हातात होती.

"पुन्हा विष विष करतोय," मी म्हटलं. "गोळी घेत नाही. माणसं पाठवा, मला एकटीला आवरायचा नाही."

"चालतो कसा?" तिने विचारलं.

"झिंगल्यासारखा. पण दारू नाही हो प्यायला."

"लाळ? झटके?"

"दोन्ही."

"गेल्या महिन्यात घरात काही बदललं का?"

"काही नाही. बदललं ते चांगलंच. मी त्याची सिगारेट सोडवली."

कॉलीनचा आवाजच बदलला. "राईलीबाई, ती गोळी देऊ नका. धुराने हे औषध शरीरात लवकर जळतं, त्या हिशोबाने त्याचा डोस बांधलाय. धूर थांबला की तीच गोळी अंगात साचत जाते, आणि जास्त कॉफीने आणखी. मी अ‍ॅम्ब्युलन्स पाठवते. तुम्ही फोन ठेवू नका."

तेवढ्यात मागे धप्प आवाज झाला. अर्वो फरशीवर पडला होता, डोळे पांढरे, सगळं अंग आचके देत होतं. दात आवळलेले बघून मी चमचा शोधायला धावले. "तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा," कॉलीन फोनमधून ओरडत होती. मी त्याला वळवलं. त्याचं डोकं मांडीवर घेऊन मी फक्त एवढंच म्हणत होते, नको रे, नको रे. तो सहा वर्षांचा असल्यासारखे त्याचे केस मागे सारत होते.

तो वाचला. रक्तात औषध दुपटीच्या वर गेलं होतं. डॉक्टरांनी ते दोन दिवस थांबवलं आणि मग कमी करून पुन्हा सुरू केलं. मला कुणी बोललं नाही. "सिगारेट सोडली हे उत्तमच," म्हणाले, "फक्त आधी आम्हाला कळवायचं." असं कळवायचं असतं हे मला कुणी सांगितलं असेल, तर मी ते ऐकलं नव्हतं.

चौथ्या दिवशी अर्वो कॉटवर उठून बसला, दोन वाट्या सूप प्याला.

"विष म्हणायला नको होतं मी," तो म्हणाला. "तू घाबरणार हे माहीत होतं. पण दुसरा शब्दच सुचला नाही."

"दुसरा सुचला असता तरी मी कुठं ऐकणार होते?" मी म्हटलं. मग गेले चार दिवस जे छातीवर बसलं होतं ते विचारूनच टाकलं. "अर्वो, उद्या खरंच आजार उलटला आणि तू असंच म्हणालास, तर मी कसं ओळखू रे? तूच सांग."

त्याने सुपाची वाटी बाजूला ठेवली. डोळे माझ्यावरच होते.

"मलासुद्धा ओळखता येत नाही, आई," तो म्हणाला. "रोज सकाळी उठलो की आधी तेच तपासतो. हे मीच म्हणतोय ना, की ते आवाज?"

तेरा वर्षं मी समजत होते की आमच्या घरात घाबरलेलं माणूस मी एकटीच आहे.