शंभर कोटी सात

शंभर कोटी सात हा आकडा आमच्या घरात तीन वर्षं पाहुण्यासारखा ठाण मांडून होता. ती मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडली तर तिला कशानेच पूर्ण भाग जात नाही, हे बाबांना हाताने सिद्ध करायचं होतं. त्यासाठी तिच्या वर्गमुळापर्यंतच्या तीन हजार चारशे एक मूळ संख्यांनी वहीत एकेक भागाकार. मोबाइल हे पापणी लवायच्या आत सांगतो. पण त्याला विचारायचं नाही ही बाबांची ताकीद, आणि ताकीद देण्यात बाबांचा हात कोणी धरू शकत नाही.

बाबांचा जन्म जमीनमोजणीच्या कचेरीत गेला. तिथली शिस्त अशी, की एकाने गणित मांडायचं आणि दुसऱ्याने अंकांच्या बेरजा करून, त्यांतले नऊ वगळून दोन्ही बाजू जुळतात का ते बघून, म्हणजे नवाने पडताळून, शेजारी खूण करायची. अर्ध्या मिनिटाचं काम. घरी ती दुसरी मी. गेल्या वर्षी डॉक्टरांनी विसरण्याचा आजार सांगितला, तेव्हापासून मला त्या वहीचाच आधार होता. मला आईच्या नावाने हाक मारली तरी चालेल. भागाकार बरोबर आहेत ना, मग बाबा शाबूत आहेत.

दीडशे भागाकार उरले असताना एका सकाळी बाबांनी वही पुढे सरकवली. बाकी शून्य होती.

"गेला भाग," ते म्हणाले. "तीन वर्षं पाण्यात."

नवाने जुळत होतं. तरी मला राहवेना. स्वयंपाकघरात जाऊन मी सगळा भागाकार पुन्हा केला. बाकी उरत होती. मधल्या वजाबाकीत बाबांनी सत्तावीसच्या जागी बहात्तर लिहिले होते, आणि अंकांची बेरीज तीच राहते म्हणून अशी अदलाबदल नवाला सापडत नाही. मी ओट्याशी उभी राहून रडले. गप्प बसले असते तर बाबा आकड्यावर चरफडले असते, स्वतःवर नाही.

"कोण चुकलं?" मी बाहेर येताच त्यांनी विचारलं. "आकडा की मी?"

या माणसाशी गणितात खोटं बोलायची माझी छाती नव्हती. "तुम्ही, बाबा."

त्यांनी माझ्या हातातली वही घेऊन मागचं पान उघडलं. मग म्हणाले, "कधीपासून, ते बघू."

आम्ही वही मागे मागे तपासत गेलो. त्यात तीन आठवडे गेले. पहिली चूक निघाली डॉक्टरांकडे जायच्या सहा महिने आधीची, साध्या गुणाकारातली. नवाने ती तेव्हाच पकडली असती. शेजारी माझी खूण होती. बाबा कुठे चुकतात, म्हणून मी न बघताच केलेली. तेव्हाच बघितलं असतं तर औषध सहा महिने आधी सुरू झालं असतं. मी हे त्यांना सांगितलं.

बाबांनी त्या खुणेवरून बोट फिरवलं.

"इथून पुन्हा करू," ते म्हणाले. "मांडायचं तू, पडताळायचं मी. नवाच्या बेरजा येतात मला अजून." मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "येतात ना गं?"