चन्नव्वाचा दगड

अंबीनं सीटचा दांडा दोन्ही हातांनी आवळला आणि पाय झाडत बसच्या मधल्या वाटेत लोळण घेतली.

"न्हाई उतरणार! अव्वा न्यायला आली न्हाई!"

सुधारानी लेकीची बोटं सोडवू लागली. एक सुटलं की दुसरं घट्ट बसे. वेळ अमावास्येच्या सणाला शेतावर जेवायला निघालेल्यांची गर्दी. माणसं दारापर्यंत उभी. कंडक्टरनं ओठांतली शिट्टी काढली.

"अक्का, फाटा हितंच हाय. का पोरीला घेऊन उमरग्याला जायलाव?"

मागं कुणीतरी हसलं. खिडकीपाशी बसलेल्या म्हाताऱ्यानं टोपी सारखी केली.

"कामून लाड करायलीस बाई? पाठीत एक घाल. गप उतरती बघ."

सुधारानीचा हात वर गेला. सगळी बस त्या हाताकडे बघत होती.

पाठीत एक घाल. हेच शब्द तिनं आळंदच्या बाजारात ऐकले होते, अंबीएवढी असताना, अशीच जमिनीवर पडून. हट्ट कशाचा होता ते आता आठवत नव्हतं. आठवत होतं ते आईचं, म्हणजे अंबीच्या अव्वाचं, बसणं. चन्नव्वानं डोक्यावरची पाटी उतरवली, भर बाजारात लेकीशेजारी बसकण मारली आणि तुरीच्या ओल्या शेंगा सोलायला घेतल्या.

"हात मलाबी हाय की अण्णा," ती सल्ला देणाऱ्याला म्हणाली होती. "पर आत्ता तिला काई ऐकू येत न्हाई." आणि लेकीला, "रड तू. मला घाई न्हाई."

रडू संपलं तेव्हा सुधारानीच्या तळहातावर हिरवे दाणे होते.

वर गेलेला हात खाली आला. ती अंबीशेजारी वाकली.

"खाली उतरून वाट बघू, चल."

"अव्वाची?"

सुधारानीनं पिशवी उचलली. "व्हय."

अंबीची बोटं आपोआप सुटली.

बस गेली. बाभळीखाली तो दगड होता. दर वर्षी वेळ अमावास्येला चन्नव्वा त्याच्यावर बसलेली असायची आणि बस लांबवर दिसली की पदर खोचून उठायची. यंदा दिवाळी झाली आणि ती गेली. तिला माती दिली त्या दिवशी सुधारानी आल्यागेल्याला चहा देत होती. डोळे कोरडे होते.

दोघी दगडावर बसल्या. मध्ये पिशवी, तिच्यात स्टँडवर घेतलेल्या तुरीच्या शेंगा. अंबी हुंदके देत गावाच्या वाटेकडे बघत राहिली. पुष्कळ वेळानं त्या वाटेनं एक बाई आली. सुधारानीची भावजय, सिद्धव्वा.

"अगं अक्का, शेतात सगळे खोळंबलेत. भज्जी गार व्हायली. कुणाची वाट बघायलाव हितं?"

अंबीनं आईकडं पाहिलं, वाटेकडं पाहिलं, पुन्हा आईकडं पाहिलं. मग बाहीला नाक पुसून उठली.

"चल, आई."

उठण्यासाठी सुधारानीनं दगडावर हात टेकला. आई बसून बसून दगड मधोमध गुळगुळीत झाला होता. हात तिथंच राहिला. तिचे खांदे हलू लागले, आणि मग तोंडातून आवाज फुटला.

"अक्का, असं काय!" सिद्धव्वा पुढं झाली. "ऊठ बरं. रस्त्यावर माणसं बघायलीत."

अंबीनं मामीचा पदर धरून तिला मागं ओढलं. मग आईला टेकून परत खाली बसली आणि पिशवीतली एक शेंग काढून सोलायला लागली.