बाराव्या घंटेला फोन उचलणारे काका

मित्रांनो, हसू नका, पण मी भिंतीच्या तारेला बांधलेला जुना काळा टेलिफोन आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची रोज चौकशी करणाऱ्या एका संस्थेत माझा सगळा जन्म गेला. तिथे फोनवर बसणारी ताई माझ्यावरून एकेकाला विचारायची, "उठलात ना? गोळी घेतलीत?" कुणी उचललं नाही, की संस्थेचा सायकलवाला त्यांचं दार ठोठावायला जायचा. किती जीव वाचले म्हणून सांगू! तेव्हा माझा काय तोरा होता!

त्यातले शिंपीकाका गुडघ्यांनी अधू. ते फोनपर्यंत येईतो बारा वेळा घंटा वाजायची. ताई थांबायची. म्हणायची, "सावकाश या काका, मी कुठे पळून चाललेय?"

मग सरकारचं अनुदान आटलं आणि काम कंत्राटावर आलं. तीन ताया होत्या, एकच उरली. नावं मात्र दुप्पट. कंत्राटाच्या हिशेबात फक्त उचललेले फोनच मोजायचे. तीन दिवस न उचलणाऱ्याचं नाव यादीतून बाद. व्यवस्थापकबाई काही दुष्ट नव्हत्या. म्हणाल्या, "पाच घंटांवर ठेवत जा गं, एवढी नावं उरकायचीत. आकडे घसरले तर संस्थाच बंद पडेल. मग या सगळ्यांना कोण विचारणार?"

ताईने तीन दिवस काकांचा फोन पाचव्या घंटेला ठेवला. सायकलवाला जाऊन काका बरे असल्याचं सांगायचा, पण कंत्राटात ते धरत नव्हते. काकांचं नाव गेलं.

चौथ्या दिवशी काकांनीच फोन केला. "ताई, मी पोचतो हो, पण तोवर तुम्ही ठेवून देता."

ताईचा चेहरा गोरामोरा झाला. नाव परत घालायला वरून मंजुरी हवी, तिला महिना लागणार. तोवर ती चहाच्या सुट्टीत काकांना फोन करू लागली.

एक दिवस बारा घंटा झाल्या, वीस झाल्या. यादीत नाव नाही, म्हणून सायकलवाल्याला पाठवता येईना. शेवटी जेवणाच्या सुट्टीत ताई स्वतः धावली. परत आली ती रडतच. काका फोनपासून दोन पावलांवर पडले होते. शेजारी म्हणाले, तासाभरापूर्वीपर्यंत कण्हण्याचा आवाज येत होता.

पुढच्या महिन्यात वरून शाबासकीचं पत्र आलं. न उचललेले फोन: शून्य. ते माझ्या डोक्यावर टांगलंय.

ताई अजून चहाच्या सुट्टीत तो नंबर फिरवते. बाईंनी एकदा विचारलं, "कुणाला लावतेस गं?"

"चुकून लागला," ती म्हणाली.

बंद घरात घंटा वाजत राहते. खरं सांगतो, दहावी झाली की मला पलीकडे पाय घासत कुणी येत असल्याचं ऐकू येतं. ताई बाराव्या घंटेपर्यंत थांबते. मग ठेवते.

मित्रांनो, उद्या तुम्हीही मोठ्या खुर्च्यांवर बसाल. असं शून्य तुमच्याही समोर येईल. तेव्हा टाळ्या वाजवू नका. यादीतून काढलेली नावं मागवा, आणि त्यांच्या दारावर आधी कुणाला तरी पाठवा.