काशियेमताईच्या पापण्या

इंडोनेशियातल्या आमच्या पुर्बालिंगा गावात बायका समोरच्याचा चेहरा नंतर बघतात, आधी पापण्या बघतात. धंदाच तो आमचा. घरोघरी बसून दोऱ्याला केसांच्या गाठी मारायच्या, खोट्या पापण्या करायच्या, कारखान्यात नेऊन द्यायच्या आणि कुठल्याशा परदेशी नवरीनं त्या लावून मिरवायचं. माझ्या ओसरीवर अशा बऱ्याच जणी बसतात. गाठी त्या मारतात, तपासते मी. एक केस आखूड निघाला की माझ्या तोंडाचा पट्टा सुटतो, हे त्यांना पाठ आहे.

म्हणून माझ्या थोरल्या बहिणीला, काशियेमताईला, काचबिंदू झाला आणि डॉक्टरांनी रोज डोळ्यात घालायला थेंब दिले, तेव्हा तिच्या पापण्या वाढताहेत हे पहिल्यांदा मीच पाहिलं. साठीची बाई, आणि पापण्या कशा, तर आमच्या सगळ्यात महागड्या जोडीसारख्या! डॉक्टर म्हणाले, या औषधानं होतं तसं, घाबरू नका. पण थेंब एक दिवसही चुकवायचे नाहीत. डोळ्यातला दाब वाढला तर नजर कडेकडेनं मरत जाते, आणि गेलेली नजर परत येत नाही. ओसरीवरच्या बायका ताईला चिडवायच्या, "काय हो, दुसरं लग्न काढलंय की काय?" ताई लाजून ओढणीनं तोंड झाकायची. तिची मुलगी एर्लिना मात्र नुसती बघत राहायची.

एर्लिना मोबाइलवर लाइव्ह बसून पापण्या वाढवायचं सीरम विकायची. केमिरीच्या बियांचं तेल, कोरफड, असलंच काहीतरी. त्यानं कुणाची पापणी तसूभरही वाढत नव्हती आणि गिऱ्हाइकं तिला सगळ्यांदेखत शिव्या घालत होती. मग एकाएकी ते सीरम लागू पडायला लागलं. तिच्या स्वतःच्या पापण्या लांब, काळ्याभोर झाल्या. कुणाचे डोळे लाल झाले, चुरचुरले, की ती म्हणायची, "मुळं जागी होताहेत हो, थोडं सोसा." तिच्या स्वतःच्या डोळ्यांभोवतीची कातडी काळवंडली होती. त्यावर ती जाड मेकअप थापायची.

एके दिवशी दुपारी मी सोयाबीनच्या चकत्या पिठात बुडवून मेंदोआन तळले आणि गरमागरम ताईकडे घेऊन गेले. एर्लिना पुढच्या खोलीत गोल दिव्यासमोर बसली होती. मोबाइलवर ही गर्दी! मला तिनं गप्प राहायची खूण केली आणि आत हाक मारली, "आई, ये गं जरा. बघा मैत्रिणींनो, ही माझी आई. साठ वर्षांची! माझंच सीरम लावते."

ताई चहाचा पेला घेऊन आली. येताना तिचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला, निम्मा चहा सांडला. "मेली चौकट, हल्ली रोज आडवी येते," असं म्हणून ती हसली आणि दिव्यासमोर वाकली. मी अगदी जवळ उभी होते.

ताईच्या पापण्या आखूड झाल्या होत्या. आजारपणाआधी होत्या तशाच, विरळ आणि तुटक्या. पोरीनं वरून काळं फासलं होतं म्हणून मोबाइलमधल्या बायका फसत होत्या, पण मी आयुष्यभर पापण्याच निवडत आलेय. मला कोण फसवणार?

"ताई," मी विचारलं, "औषध घालतेस ना गं डोळ्यात?"

"घालते की. एर्लिनाच घालते रोज. किती करते गं पोर माझं! आणि हल्ली झोंबतसुद्धा नाही. आधी काय चुरचुरायचं, बाई!"

एर्लिनाचा हात हवेतच थांबला. तोंड मात्र चालू होतं, "तर मैत्रिणींनो, आजच्यापुरतं..."

मी आत गेले. सीरमच्या बाटल्यांचं खोकं पलंगाखाली होतं. ओढून बघते तर तळाशी हॉस्पिटलच्या इवल्याशा बाटल्या, सगळ्या रिकाम्या आणि प्रत्येकीवर ताईचं नाव. तशीच मी बाहेर आले आणि दिव्याची वायर उपटली.

"मावशी! लाइव्ह चालू आहे!"

"बंद कर. नाहीतर तू काय विकतेस ते मीच सांगते त्यांना."

तिनं मोबाइल पालथा घातला. मी तिला दंडाला धरून मागच्या अंगणात नेलं.

"काय घालतेस आईच्या डोळ्यात?"

"ओरडू नकोस ना. स्वच्छ पाणी असतं, लेन्स लावणारे वापरतात ते. विष नाही घातलं मी!"

"आणि तिचं औषध लोकांच्या पापण्यांना?"

"मग काय करू? तेल लावून काही उगवत नव्हतं!" तिचा आवाज चढला. "त्या औषधानं आईला काय होत होतं, सांग ना मला. घातलं तेव्हा जेवढं दिसायचं, तेवढंच बंद केल्यावरही दिसत होतं. मी रोज विचारायचे तिला. म्हणायची, छान दिसतंय. त्यानं फक्त पापण्या वाढत होत्या, मावशी. मग वाया कशाला घालवायचं?"

माझा हात उठला होता, तो तसाच राहिला. कार्टी खरंच तसं समजत होती. या गावात वाढलेली पोर. पापणीच्या मागे डोळा असतो, हे आम्ही तिला कधी शिकवलंच नव्हतं. मला तिचा राग आला आणि रडूही आलं.

"काय गं, भांडताय कशाला?" ताई आतून ओरडली. "गार होताहेत मेंदोआन!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही तिघी हॉस्पिटलात गेलो. वाटेत एर्लिना सारखी पुटपुटत होती, काही झालं नसेल, काही झालं नसेल. डॉक्टरांनी ताईच्या डोळ्यांचा दाब मोजला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"थेंब चुकले होते का?"

"एक दिवस नाही," ताई अभिमानानं म्हणाली. "माझी लेक घालते ना."

मी एर्लिनाला चिमटा काढला. तिनं माझा हात झटकला. नर्सनं ताईला नजरेच्या तपासणीसाठी शेजारच्या अंधाऱ्या खोलीत नेलं. डॉक्टर आम्हाला म्हणाले, "एवढं औषध घालूनही दाब वाढला, म्हणजे औषध लागू पडत नाही. आता दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करावं लागेल. त्यातही धोका असतोच."

"नका करू!" एर्लिना किंचाळलीच. "लागू पडत होतं. मी... मी घातलंच नाही ते. पाणी घातलं."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "कधीपासून?" त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं. "ज्यांना विकलंत त्या सगळ्यांना आजच कळवा. लावणं थांबवा म्हणावं, आणि डोळे तपासून घ्या. आता आईजवळ जा."

आत ताई यंत्राच्या पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसली होती. हातात बटण. मधल्या पिवळ्या दिव्याकडे बघत राहायचं आणि आजूबाजूला कुठेही ठिणगी चमकली की बटण दाबायचं. उजव्या डोळ्याची पाळी झाली होती. त्या वेळी तिनं बऱ्याचदा दाबलं, असं नर्स म्हणाली. आता उजवा डोळा झाकून डाव्याची तपासणी चालली होती. नर्ससमोरच्या पडद्यावर ठिणग्या एकामागून एक उमटत होत्या, वर, खाली, कडेला. तपासणी अर्ध्यावर आली होती. एर्लिना कधी पडद्याकडे बघे, कधी आईच्या अंगठ्याकडे. अंगठा बटणावर टेकलेला होता आणि हलत नव्हता.

"एर्लिना, आलीस का गं?" पावलांची चाहूल लागून ताईनं विचारलं. "पिवळा दिवा छान दिसतोय मला. बाकीचे कधी लावणार, विचार ना त्यांना. मी केव्हाची तयार बसलेय."